त्या घरचं पाणी

दवाखान्यातल्या त्या खोलीत इरफाननं चमचाभर पाणी आईच्या ओठांशी नेलं आणि सुग्राआपानं मान भिंतीकडे वळवली. नर्सला वाटलं, पेशंटला गिळता येत नाही. तिनं उशी वर सरकवली, म्हणाली, "हळू द्या दादा, ठसका लागेल." त्यानं पुन्हा चमचा पुढे केला. आपाचे ओठ कोरडे पडून भेगाळले होते, पण मिटलेले ते मिटलेलेच... मग तबस्सुम, आपाची सून, पुढे झाली. नवऱ्याच्या हातातल्या ग्लासाला तिनं हात लावला नाही. बाटलीतलं पाणी दुसऱ्या ग्लासात ओतलं, आपाच्या मानेखाली हात घातला, आणि आपा चार घोट प्यायली. नर्स चक्रावून आमच्याकडे बघत राहिली. इरफान खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. झालं ते काय होतं, हे त्या खोलीत नर्स सोडून सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नागपुरातल्या सदर भागातल्या आमच्या ऑफिसचं कुलूप उघडत होते, तेव्हा तबस्सुमचा फोन आला. "आंटी, अम्मी गयी." एवढंच बोलली आणि फोन तसाच चालू ठेवून रडत राहिली. मला रडू पुष्कळ नंतर आलं, आधी राग आला. या बाईनं माझ्याशी मांडलेलं भांडण अर्धवट टाकून जावं? त्यानंतर कित्येक आठवडे लोक मला एकच विचारताहेत. मरताना तरी पोटच्या मुलाच्या हातचं पाणी घ्यायला काय हरकत होती? आईचं काळीज असं दगडाचं असतं का? विचारणारी माणसं वाईट नाहीत. पण त्यांना उत्तर द्यायचं तर आपा कोण होती हे सांगावं लागेल, आणि ते एका वाक्यात बसणारं नाही.

आपा कामठीची, विड्या वळणारी. उर्दू शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेली, लवकर विधवा झालेली, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारी आणि भांडायला एका पायावर तयार. कामठी-नागपूर शेअर ऑटोत ती ड्रायव्हरशेजारची जागा सोडून कुठे बसायची नाही. मागे कोंबून बसायला मी काय तेंदूपत्त्याचं पोतं आहे का, असं तिचं म्हणणं. मी नागपूरची, इंदोऱ्यातल्या बौद्ध घरातली. आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या, तिथं घरात मार खाणाऱ्या बायका येतात आणि आम्ही त्यांच्यासोबत बसतो. आमची ओळख झाली सदरमधल्याच एका सभागृहात. बायकांवरच्या हिंसेवर बैठक होती आणि मंचावर बहुतेक पुरुष होते. आपाच्या समाजातले एक प्रतिष्ठित गृहस्थ बोलले, की घरातली भांडणं चव्हाट्यावर आणली तर समाजाची बदनामी होते, आधीच लोक आपल्यावर टपून आहेत. त्यांच्यानंतर आमच्या समाजातले एक गृहस्थ उठले आणि तेच बोलले, शब्दसुद्धा तेच. मागच्या रांगेतून आवाज आला, "बदनामी मारनाऱ्यानं केली का सांगनारीनं?" मी वळून पाहिलं तर काळ्या बुरख्यातली एक ठेंगणी बाई पुन्हा खाली बसून नाश्त्याचा पुडा सोडत होती. बैठक संपल्यावर मी तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "तुमचावाला बी तेच बोलला न वं? मले वाटलं आमचावालाच आहे तसा." आम्ही दोघी तिथंच हसत सुटलो.

तिची काम करायची रीत मी कामठीला जाऊन पाहिली. एखाद्या घरात बाईला मार पडतोय हे कळलं आणि त्या बाईनं 'या' म्हटलं, की सकाळी पाच-सहा जणी आपापली सुपं काखेला मारून निघायच्या आणि त्या घराच्या दारात जाऊन बसायच्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, हातात कैची. घोषणा नाहीत की दारावर थाप नाही. रोजचंच काम, फक्त जागा बदललेली. रोजी बुडत नाही, आणि बायका कामं टाकून उंडारतात असं म्हणायची कोणाची सोय नाही. गल्लीला मात्र बरोब्बर कळतं, की आज सुपं अमक्याच्या दारात आहेत. घरातल्या माणसाला बाहेर पडायचं तर त्या सुपांच्या मधून, पाय जपून टाकत जावं लागतं. कोणी त्याला काही बोलत नाही. नुसत्या कैच्या चालू असतात... कट्, कट्, कट्. भल्याभल्यांना त्या आवाजानं घाम फुटलेला मी पाहिला आहे.

पहिल्याच वेळी या बायकांनी एक चूक केली होती. ज्या घरासमोर बसल्या, तिथल्या सासूला वाटलं, शेजारणी गप्पा मारायला आल्यात. तिनं सरबत केलं. उन्हाचे दिवस, पाहुणचाराला नाही म्हणायची त्यांच्याकडे पद्धत नाही, सगळ्या प्यायल्या. दुसऱ्या दिवशी ती सून सुजलेल्या तोंडानं आपाकडे आली. नवरा म्हणाला होता, तुझ्या बायका तर माझ्या घरचं सरबत पिऊन गेल्या, आता त्या माझं काय वाकडं करणार? तेव्हापासून नियम झाला. ज्या दारात बसायचं, त्या घरचं पाणी प्यायचं नाही. दारी येऊन बसलेल्या बायका पाणीसुद्धा घेत नाहीत, याचा अर्थ कामठीत कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

मला मात्र तो नियम चांगलाच झोंबला. मी पहिल्यांदा त्यांच्यात जाऊन बसले होते, विडी वळता येत नाही म्हणून मला नुसती पानं कापायला दिली होती आणि तीही मी वेडीवाकडी कापत होते. घशाला कोरड पडली होती. त्या घरची म्हातारी तांब्या घेऊन बाहेर आली, मी हात पुढे केला आणि आपानं माझं मनगट धरून खाली ओढलं. "नाई. या घरचं पानी नाई." मी सबंध दुपार धुमसत राहिले. परतताना स्टँडकडे चालता चालता माझं तोंड सुटलं. म्हटलं, "आपा, पानी नाकाराची रीत आमाले नका शिकवू. माह्या आजीच्या हातचं पानी कोनी घेत नोतं. त्याच्याच पायी आमच्या लोकाईनं धर्म सोडला." आपा रस्त्यातच थांबली. "तुह्या आजीनं काय केलं होतं?" "काहीच नाई. जन्माले आली." "मंग? हे का जन्माचं आहे वं? यानं हात उचलला. यानं हात खाली केला आन् त्या पोरीनं मंजूर केलं, का याच दारात सगळ्यात आंधी मी पानी मागीन. जे सुधारता येते, त्याच्यासाठीच पानी रोखाचं." मग थोडं चालून म्हणाली, "पन पेयाचं का नाई, हे ती पोरगी ठरवंल. मी नाई, मोहल्ल्यातले बुजुर्ग नाई, आन् तू बी नाई." मला ते पटलं, पण सगळं नाही पटलं. पाणी नाकारणं या गोष्टीचं माझ्या पोटात जे होतं, ते आजही आहे. आपालाही ते माहीत होतं. त्यानंतर कधी आम्ही एकत्र बसलो, की ती बुरख्याच्या आतून बाटली काढून स्वतःचं पाणी आधी मला द्यायची.

दुसरं भांडण पोलिसांवरून. मी म्हणायचे, आधी ठाणं, मग बाकीचं. कायदा आहे कशाला? आपा म्हणायची, "ठान्यात आमची बाई गेली, का पयले तिच्या बुरख्याले पायते, मंग जखमेले." मी म्हणायचे, "आमचं आडनाव पायते." यावर कोण जास्त दुखावलं याची आमची चढाओढ लागायची आणि शेवटी दोघी हसायचो. पण एका मुलीच्या हातावर उकळतं तेल पडलं, पडलं कसलं, ओतलंच होतं, तेव्हा आपानं सूप काढलंच नाही. मला फोन केला, "चाल, तक्रार लिहाले लावू." एका ठाण्यात आम्ही दोघी दुपारपर्यंत बाकड्यावर बसून होतो. शेवटी टेबलामागच्या माणसानं कंटाळून म्हटलं, "तुमच्या लोकांत हे चालतंच ना?" मी उठून उभीच राहिले होते. आपानं मला खाली बसवलं आणि गोड आवाजात विचारलं, "साहेब, तुमच्या लोकात नाई चालत? तसं कागदावर लिहून देता का?" तक्रार लिहिली गेली. हाड मोडलं, भाजलं, जिवावर बेतलं तर थेट ठाणं, हे आमचं त्या दिवशी ठरलं.

त्यानंतर एक कॅमेरावालाही कामठीत येऊन गेला. त्याला रडणारी मुसलमान बाई हवी होती. तुमच्या धर्मात बायकांना असंच वागवतात का, असं त्यानं आपालाच विचारलं. ती म्हणाली, "बेटा, तुही माय सुखात आहे का? आंधी तिले इचारून ये, मंग मी सांगतो." तो पुन्हा आला नाही. तिचं म्हणणं होतं, की आपल्या घरातली घाण आपण काढायची, पण ती आपल्याच घरावर फेकायला शेजाऱ्याच्या हातात द्यायची नाही. त्या दोन्हींच्या मधली वाट अरुंद होती आणि तिच्यावरून ती रोज चालत होती. तिचं बघून आम्ही इंदोऱ्यातही सुरू केलं. आमच्याकडे विड्या नाहीत, आम्ही निवडायची भाजी आणि तांदळाची ताटं घेऊन गेलो. पहिलीच बैठक जयंतीला जोरदार भाषणं ठोकणाऱ्या एका पुढाऱ्याच्या दारात. तो हात जोडून म्हणाला, "ताई, समाजात फूट पडते." मी मेथी निवडत राहिले.

आणि मग ते झालं, ज्याच्यासाठी मी हे लिहिते आहे. इरफान आपाचा एकुलता एक मुलगा. कळमेश्वरला कारखान्यात शिफ्टवर जायचा, लाघवी, मला आंटी-आंटी करणारा, येताना माझ्यासाठी आठवणीनं संत्री आणणारा. असा मुलगा बायकोला मारत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नसतं. तबस्सुमचा कान सुजलेला दिसला तेव्हा ती म्हणाली, नळावर घसरले. काही महिन्यांनी मनगट सुजलं. मग आपाची शेजारीण जुलेखा माझ्या ऑफिसात आली, खुर्चीवर न बसता दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तबस्सुमनं मले सांगतलं. 'या' बी म्हणाली. पन आपाच्या दारात कोन बसंल? सुपं तर आपाच उचलते." ज्या बाईनं एवढ्या दारांत बसून घरं सरळ केली, तिच्या घरापुढे हे सगळं हात टेकणार होतं का? आणि आपा मुलाच्या बाजूनं उभी राहिली असती, तर कामठीत पुन्हा कोणत्या बाईनं 'या' म्हटलं असतं? तबस्सुमनं कुठं जायचं होतं?

मी कामठीला गेले. आपा ओसरीत विड्या वळत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. पान, तंबाखू, गुंडाळी, दोरा... मग दोरा तुटला. तिनं दुसरा घेतला, तोही तुटला. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढणार. मग ती म्हणाली, "मले आयकू येत होतं." मी म्हटलं, "काय?" "भिंतीपल्याडून. आयकू आलं का मी पंखा वाढवून देत होती, वंदना." मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही ती रडली नाही. तिनं सुपातल्या विड्या एका फडक्यात बांधल्या, सूप झटकलं आणि म्हणाली, "सकाळी येजो."

सकाळी मी पोहोचले तेव्हा आपा स्वतःच्याच दाराबाहेर, गल्लीत, घराकडे तोंड करून बसली होती. मांडीवर सूप. एकटी. बाकीच्या बायका आपापल्या दारांतून बघत होत्या, पुढे यायची कोणाची छाती होत नव्हती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले, मग जुलेखा आली, मग एकेक. ऊन चढत होतं. तंबाखूच्या धुळीनं आपाची छाती आधीच खराब झालेली, दर श्वासाला शिट्टी वाजत होती. मोहल्ल्यातले बुजुर्ग आले. आपा, या वयात हे शोभतं का, तमाशा होतो, आत बसून बोलू. तिनं मान वर केली नाही. माझी बाटली मी पुढे केली, तीही तिनं बाजूला सारली. म्हणाली, "आज माह्या घरची पाळी आहे." मी घाबरले होते हे सांगायला मला लाज वाटत नाही. बाई इथंच पडेल असं वाटत होतं.

इरफान शिफ्ट संपवून आला. गल्लीच्या तोंडाशीच त्याचे पाय थांबले. मग तो सरळ आईपुढे येऊन उभा राहिला. "अम्मी, अंदर चलो. लोग देख रहे हैं." "देखने दे." "अम्मी, धूप है." ती पान कापत राहिली. तो आत गेला, ग्लासभर पाणी घेऊन आला आणि गुडघ्यावर बसून तिच्यापुढे धरलं. आपानं पहिल्यांदा वर पाहिलं. ग्लासाकडे नाही, त्याच्या हाताकडे. "इसी हाथ से?" तिनं विचारलं. सगळ्या कैच्या थांबल्या होत्या. पाणी हिंदकळून त्याच्याच बोटांवर सांडलं. तेवढ्यात दारात तबस्सुम आली. तिच्याही काखेत सूप होतं. ती उंबरा ओलांडून बाहेर आली, नवऱ्याला वळसा घातला आणि सासूशेजारी घराकडे तोंड करून बसली. आपानं तिला विचारलं, "बोल बेटा, क्या चाहती है?" तबस्सुमचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "मैं मायके नहीं जाऊँगी. ये जाएँगे."

तो गेला. कळमेश्वरला खोली घेऊन राहिला. लोकांनी आपाला काय नाही म्हटलं... सुनेसाठी लेक घालवला, म्हातारपणाची काठी मोडली. ईदला इरफान यायचा, ती त्याला जवळ बसवायची, शेवया वाढायची, त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची. तो गेल्यावर त्याच्या उष्ट्या वाटीकडे बघत बसायची. त्याच्यावरचं प्रेम तिळभर कमी झालं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण त्याच्या हातचं पाणी तिनं घेतलं नाही. मी एकदा म्हटलंसुद्धा, "आपा, झालं ना आता, सुधारला तो." ती म्हणाली, "तबस्सुमनं पेलं का? तिनं पेलं का मी पेईन." मी त्यावर वाद घातला. इतकं ताणू नये असं मला वाटत होतं, अजूनही कधी कधी वाटतं. तेच आमचं अर्धवट राहिलेलं भांडण. दवाखान्यात ती मान भिंतीकडे वळली, तेव्हा तिनं ते आपल्या बाजूनं संपवून टाकलं.

परवा आपाच्या चाळिसाव्या दिवसाला कामठीला गेले. तिच्यासाठी दुआ-फातिहा झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. मी तबस्सुमकडे पाणी मागितलं, तिनं दिलं, मी प्याले. घरातली चार माणसं उरली तेव्हा आपाच्या भावानं, इरफानच्या मामूनं, विषय काढला. आपा गेली, तिच्यासोबत तिचा हट्टही गेला, बाईमाणसानं एकटं किती दिवस राहायचं, आता घर जोडा. इरफान दाराबाहेर उभा होता. आत यायला त्याला कोणी मनाई केली नव्हती, तरी तो बाहेरच होता. तबस्सुम उठली. खुंटीवर आपाचं सूप टांगलेलं होतं, कड विडीच्या लाल दोऱ्यानं शिवलेलं. तिनं ते काढलं, उंबऱ्याच्या आत, गल्लीकडे तोंड करून बसली आणि पान कापायला घेतलं. इरफाननं बाहेरच्या माठातून ग्लास भरला आणि तिच्यापुढे धरला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते खोटे नव्हते. "रख दो," ती म्हणाली. त्यानं ग्लास उंबऱ्यावर ठेवला. मामू पुढे सरकले, "पी ले बेटी, बात खतम कर." तबस्सुमनं कैची खाली ठेवली नाही. "प्यास मेरी है, मामू," ती म्हणाली. "जब लगेगी, मैं देखूँगी."

मी ऑटो पकडायला निघाले तेव्हा ग्लास उंबऱ्यावर तसाच भरलेला होता, इरफान त्याच्याजवळ जमिनीवर बसला होता, आणि कैचीचा आवाज मला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता.